लवणातला चर

माझ्या टेबलावर मातीचा गोळा आणून ठेवणारा सरकारी नोकर मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. आमच्या कचेरीत दर सोमवारी वनपालांची बैठक असे. बाकीचे वनपाल काखेत डायरी मारून यायचे. हे गृहस्थ आले की आधी पँटच्या उजव्या खिशात हात घालायचे, लिंबाएवढा काळ्या मातीचा गोळा बाहेर काढायचे आणि माझ्या टाइपरायटरशेजारी ठेवून म्हणायचे, 'बाबूजी, दाबून पाहा.'

मी तिथला कारकून. जालन्यात मस्तगडात वाढलेला, शेतीशी संबंध फक्त भाजी घेण्यापुरता. मी नाक मुरडत दोन बोटांनी गोळा दाबायचो. त्याचा भुगा झाला की ते 'नापास' म्हणत आणि स्वतःच्या बाहीनं टेबल पुसून घेत. गोळा मोडला नाही तर 'पास' म्हणून तो खिडकीच्या कट्ट्यावर नेऊन मांडत. पहिली दोन-तीन वर्षं तो कट्टा पावसाळा सोडला तर रिकामाच असे. मी त्यांना अर्धवट समजत होतो हे आधीच कबूल करून टाकतो. कचेरीतल्या शिपायापासून सगळेच समजत होते, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. एकदा त्या म्हणाल्या, 'ह्यांच्या खिशात मला कधी रुमाल सापडला न्हाई. ढेकळं सापडतात. धुणं धुवून राह्यले का वावर, तेच कळत न्हाई.'

ती माती कुठली असायची, ते सांगायला हवं. जालना जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. घनसावंगीच्या अलीकडे, गोदावरीकडे उतरत जाणाऱ्या सपाट मुलखात सरकारी जंगलाचा एक पट्टा होता. जंगल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे डोंगर येतो. इथं टेकाडसुद्धा नव्हतं. चारी बाजूंना कपाशीची आणि उसाची वावरं, आणि मध्ये पळस, हिवर, बोरी, बाभळी. या पट्ट्याच्या पोटात एक खोलगट जागा होती. आजूबाजूचं पाणी उतरून तिथं गोळा व्हायचं. अशा जागेला आमच्याकडे लवण म्हणतात. त्या लवणात कधीकाळी शिंदी आणि जांभळं इतकी दाट होती की जनावर आत शिरलं तर गुराख्याला आवाजावरून शोधावं लागे, असं जुनी माणसं सांगत. मी पाहिलं तेव्हा शिंदीचे निम्मे बुंधे वाळलेले होते आणि जांभळं शेंड्याकडून मरत आली होती.

याचं कारण लवणातच होतं. छातीइतका खोल, दोरी लावून आखल्यासारखा सरळ एक चर लवणाच्या पोटातून निघून बाहेरच्या नाल्याला मिळत होता. पाऊस पडला की दोन दिवसांत सगळं पाणी त्या चरानं निघून जायचं. आणि हा चर कुणी खणला, हे आमचे वनपाल ओळख झाल्याबरोबर समोरच्याला सांगून टाकत. नवा वनरक्षक असो, तपासणीला आलेला साहेब असो, की रस्ता चुकलेला गुराखी.

'हा चर मी खणला,' ते म्हणायचे. 'शाबासकी पण घेतली.'

ती गोष्ट खरी होती. नोकरीच्या सुरुवातीला ते तिथंच वनरक्षक होते. वरून हुकूम आला, निलगिरी लावा. लवणातली जमीन चिबड, वर्षातले सहा महिने चिखल, निलगिरीची रोपं कुजायला लागली. तेव्हा या उत्साही तरुणानं माणसं जमवली आणि एका उन्हाळ्यात चर खणून लवण कोरडं करून दाखवलं. पाणी साचू देणं म्हणजे जमीन वाया घालवणं, असंच तेव्हा सगळे मानत. त्यांना प्रशस्तिपत्र मिळालं. निलगिरी वाढली, कापली गेली, ट्रकात बसून गेली. चर मात्र जागच्या जागी राहिला. पुढं जिल्हाभर बदल्या भोगून ते वनपाल होऊन परत त्याच जंगलात आले, तेव्हा लवण मरायला टेकलेलं होतं.

'शिंदी पाह्यली आन् मटकन खालीच बसलो, बाबूजी,' ते मला एकदा म्हणाले. 'दुसऱ्यानं केलं असतं तर शिव्या तरी घातल्या असत्या.'

ते प्रशस्तिपत्र त्यांनी जंगलाच्या नाक्यावरच्या खोलीत, दाराच्या बरोबर समोर टांगलं होतं. बाहेरून येणाऱ्याला वाटे, काय मिरवतो हा माणूस. खरं तर त्यांनी ते स्वतःसाठी टांगलं होतं. रोज सकाळी कामाला निघण्यापूर्वी ते त्याच्याकडे एकदा पाहत आणि मग कुदळ उचलत.

कुदळ उचलून ते काय करत? आपलाच चर बुजवत. एकदम नाही, कारण त्यासाठी मंजुरी हवी, आणि आमच्या कचेरीत चर खणण्याचे फॉर्म होते, बुजवण्याचा एकही नव्हता. मी कपाट उलथंपालथं करून पाहिलं होतं. म्हणून त्यांनी दर वीस-पंचवीस पावलांवर चरात आडवे आड, म्हणजे छोटे बांध, घालायला सुरुवात केली. गुडघ्याएवढे दगड, मध्ये मुरूम, वर काळी माती. आणि प्रत्येक आडाला लागून, वरच्या बाजूला, निर्गुडीच्या हिरव्या फांद्या खोचायच्या आणि वाळ्याचे ठोंब लावायचे. निर्गुडीला शेळी तोंड लावत नाही, म्हणून निर्गुडी. वाळा नाल्यात फुकट मिळतो, म्हणून वाळा. हे सगळं ते दोन वनरक्षकांना घेऊन, इतर कामं उरकून करत.

त्यांचा आड पाणी गळू देई. सुरुवातीला हे मला हास्यास्पद वाटलं. मी म्हणालो, 'साहेब, सिमेंट लावा की थोडं. नुसतं गळून राहिलंय.'

'गळू द्यायचं,' ते म्हणाले. 'सगळं धरून ठेवलं की फुटतंय. आपल्याला पाणी कोंडायचं न्हाई बाबूजी, त्याला जरा बसवून घ्यायचंय. पाव्हणा आला, च्या पाजला, मंग गेला. पहिल्यासारखं दारातूनच पळू न्हाई द्यायचं.'

पाव्हणा किती वेळ बसतो हे मोजायची त्यांची तऱ्हा तर ऐकण्यासारखी आहे. पाऊस सुरू झाला की लोक आडोसा शोधत, आणि हे पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन जंगलाकडे निघत. चराच्या वरच्या तोंडाशी पळसाचं एक पान पाण्यात सोडायचं आणि त्याच्या बरोबरीनं काठाकाठानं चालायचं. पान नाल्यापर्यंत पोहोचेतो किती वेळ लागला, ते घड्याळ पाहून डायरीत लिहायचं. त्या डायऱ्या माझ्याकडे येत. पहिल्या वर्षीच्या नोंदीत एका ठिकाणी लिहिलं होतं, 'पानासोबत पळावे लागले. दोनदा पडलो.' मी ती नोंद कचेरीभर वाचून दाखवली आणि आम्ही पोट धरून हसलो. पुढच्या एका वर्षी नोंद होती, 'पानासोबत चाललो.' त्यानंतरच्या वर्षी, 'पान मागे राहिले. बसून तंबाखू खाल्ली. पान आले नाही, म्हणून जेवायला गेलो.' ही नोंद मी कुणाला वाचून दाखवली नाही. का, ते तेव्हा मला नीट कळलं नव्हतं. पण हसायला आलं नाही एवढं खरं. खिडकीच्या कट्ट्यावर तोवर गोळ्यांची रांग लागली होती. डिसेंबरातले गोळेही पास होत होते, म्हणजे पावसाळा सरल्यावरही मातीत ओल टिकत होती. मी शिपायाला बजावून ठेवलं होतं की झाडताना कट्ट्याला हात लावायचा नाही.

आता टीव्हीवर रोज हवामान बदलाची चर्चा असते. त्या काळी तो शब्द आमच्या कचेरीच्या आवकजावकमध्ये कधी आला नव्हता. हे मात्र म्हणायचे, 'पावसाची सवय बिघडून राह्यली. आठ दिवसांचा पाऊस एका दुपारी पडतो, मंग महिनाभर तोंड दाखवत न्हाई. असा पाऊस आला तर त्याला धरायला जागा पाहिजे. धरणाएवढी न्हाई पाहिजे. ताटाताटाएवढ्या लई जागा पाहिजेत.' हे बोलताना ते हातानं हवेत ताटं मांडून दाखवत. मी मान डोलवायचो आणि मनात म्हणायचो, यांना आता रजा द्यायला पाहिजे.

आणि मग पाटलांचा अर्ज आला.

जंगलाला लागून एका पाटलांची जमीन होती. माणूस वजनदार, बोलणं तोडून टाकल्यासारखं. त्यांचं म्हणणं असं की वनपालांच्या आडांमुळं जंगलातलं पाणी तुंबून आपल्या वावरात पाझरतं, बांधालगतचं अर्धा एकर चिबड झालं आणि तिथली कपाशी पिवळी पडून गेली. चरातले सगळे आड काढून टाकावेत. अर्जाखाली आणखी वीस जणांचे अंगठे आणि सह्या होत्या. आमच्या वरच्या साहेबांना निवृत्तीला टेकलेल्या एका वनपालासाठी गावाशी वैर नको होतं. त्यांनी मला आदेश टाइप करायला सांगितला, पावसाळ्यापूर्वी चर मोकळा करा. तो आदेश मी या हातांनी टाइप केला. नऊ-दहा वर्षांचं काम होतं ते. टाइप करताना समोर कट्ट्यावरचे गोळे दिसत होते, आणि मला स्वतःची लाज वाटली.

सोमवारी आदेश त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उभ्यानं वाचला. मला वाटलं, आता हा माणूस आरडाओरडा करील, निदान वर अपील करील. ते म्हणाले, 'पाटलाचं खरं हाय. कपाशी म्या पाह्यली. पिवळी झाल्ती.'

'मग आता?'

'मंग काय, हुकूम हाय. आड काढायचे.'

ते सरळ साहेबांच्या खोलीत गेले. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू येत होतं. ते म्हणाले, 'साहेब, दगड, मुरूम सगळं काढतो. निर्गुडी आन् वाळा ठेवतो. जित्तं झाड तोडायला माझा हात उठत न्हाई.' साहेब कागदातून मान वर न काढता म्हणाले, 'झुडपांचं काय, राहू द्या. दगड निघाले की झालं.' साहेबांना दगड म्हणजेच बांध वाटत होता. पाटलांनाही तेच वाटत होतं. खरं सांगायचं तर मलाही.

दगड काढायच्या दिवशी पंचनामा लिहायला मला पाठवलं होतं. म्हणून ते मी डोळ्यांनी पाहिलं. मे महिन्याचं ऊन. पाटील धोतराचा सोगा हातात धरून चराच्या काठावर उभे. आमचे वनपाल स्वतः चरात उतरले आणि पहिल्या आडाचा पहिला दगड त्यांनी स्वतः उचलला. एकेक आड असा उकलत गेला. दगड निघाले की मागं उरायची ती निर्गुडीची बोटाएवढ्या जाड खोडांची एक ओळ, आणि तिच्या पायाशी वाळ्याची दाट झालर. पाटलांनी काठीनं वाळ्याला ढोसून पाहिलं.

'हे पहिल्या पाण्यात वाहून जाईल,' ते म्हणाले.

'जाईल बी,' वनपाल म्हणाले. 'मला पण ठाऊक न्हाई, पाटील.'

मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की हे ते गंमत म्हणून बोलत नव्हते. इतकी वर्षं निर्गुडीची मुळं चराच्या दोन्ही काठांत शिरत होती, वाळा खाली उतरत होता, पण दगडाशिवाय ते टिकतील का, हे कुणी करूनच पाहिलं नव्हतं. त्यांच्या हातात फक्त एक पावसाळा उरला होता. दिवाळीनंतर ते निवृत्त होणार होते.

काढलेले दगड त्यांनी फेकू दिले नाहीत. दोन बैलगाड्या लावून ते पाटलांच्या बांधावर नेले. अर्धा एकर चिबड झालं होतं, त्याच्या कडेनं हातभर खोल नाली खणली, तीत ते दगड भरले आणि वावरातलं जादा पाणी खालच्या ओढ्याला काढून दिलं. चार दिवस लागले. पाटलांनी मागितलं नव्हतं. आदेशातही नव्हतं. पाटील रोज येऊन पाहून जात. चौथ्या दिवशी त्यांच्या घरून ताक आलं.

जुलैत तो पाऊस आला. दुपारी तीनला सुरू झाला आणि दिवेलागणीपर्यंत नुसता ओतत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचेरीत न जाता घनसावंगीच्या जीपमध्ये बसलो. का बसलो ते मला साहेबांना सांगता आलं नसतं. जंगलाच्या नाक्यावर उतरलो आणि चिखल तुडवत चरापाशी गेलो, तर आमचे वनपाल पोत्याची खोळ घेऊन काठावर उभे होते. त्यांचा चेहरा इतका उतरलेला होता की मला वाटलं, संपलं सगळं.

'वाहून गेलं का?' मी विचारलं.

'बघितलं न्हाई,' ते म्हणाले. 'सकाळपासून इथंच उभा हाय. पुढं जायचा धीर होऊन न्हाई राह्यला.'

रानडुकराला काठीनं हाकलणारा माणूस म्हणून त्यांची ख्याती होती, आणि ते चर पाहायला घाबरत होते. शेवटी मीच पळसाचं एक पान तोडून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते पाण्यात सोडलं. आम्ही दोघं त्याच्या बरोबरीनं निघालो. पान पहिल्या निर्गुडीपाशी आलं. तिथं गढूळ पाण्यातून आलेल्या काडीकचऱ्याचा जाड थर अडला होता, आणि त्या थरानं पाणी असं धरलं होतं की वरच्या अंगाला चर काठोकाठ भरून दोन्ही बाजूंच्या झाडांत पसरला होता. पान त्या साचलेल्या पाण्यात सावकाश गिरकी घेत राहिलं. आम्ही वाट पाहिली. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. बऱ्याच वेळानं पान झाडांच्या दिशेनं सरकलं आणि एका वाळल्या शिंदीच्या बुंध्याला जाऊन टेकलं.

वाळ्याचे दोन ठोंब उपटले होते. बाकी सगळ्या ओळी उभ्या होत्या. आम्ही शेवटपर्यंत चालत जाऊन प्रत्येक ओळ पाहिली. पाटलांच्या अर्ध्या एकरात पाणी साचलं नव्हतं. ते दगडाच्या नालीतून खळखळत ओढ्याला चाललं होतं. परत येताना मी सगळा रस्ता बोलत होतो, काय बोललो ते आता आठवत नाही. त्या दिवशीची माझी रजा बिनपगारी झाली. इतकी चांगली रजा मी पुन्हा कधी घेतली नाही.

ते निवृत्त झाले आणि मुलाजवळ राहायला मस्तगडात आले, आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. गुडघे गेले होते. तरी रोज संध्याकाळी यायचे आणि जंगलाची खबर विचारायचे. मला विशेष काही माहीत नसे. त्यांच्या जागी आलेल्या वनपालाला चराचं काही पडलेलं नव्हतं. निर्गुडीच्या नशिबानं तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही, आणि लक्ष न देता वाढायचं तिला चांगलं जमतं.

पाच-सहा वर्षं गेली. मग दोन पावसाळे लागोपाठ कोरडे गेले. जालन्यात पंधरा-पंधरा दिवसांनी नळाला पाणी यायला लागलं. असाच एक वैशाख, सकाळची वेळ, आमच्या गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली आणि तिच्यातून पाटील उतरले. पार थकले होते, पण बोलणं तसंच.

'फारेस्टर कुठं राहून राह्यले? त्यांना न्यायला आलो. तुम्हीबी चला.'

कशाला ते सांगेनात. रस्त्यात अर्ध्या वाटेवर एवढंच म्हणाले, 'गावातल्या समद्या हिरी चैतातच उघड्या पडल्या. माझी चालू हाय. निम्मं गाव माझ्या हिरीवर पाणी भरून राह्यलं.' मग म्हणाले, 'पाणी जंगलाच्या अंगानं येतं. म्या सोता उतरून पाह्यलं.' चूक झाली असं काही ते म्हणाले नाहीत. पाटील होते ते. पण जीप त्यांनी वनपालांसाठी मस्तगडापर्यंत आणली होती.

लवणाच्या काठावर आम्ही उतरलो. बाहेर वावरं फुटून भेगाळली होती, आणि आत शिंदी हिरवीगार होती. मेलेल्या बुंध्यांच्या आजूबाजूला नवी शिंदी कमरेएवढी झाली होती. चर शोधूनही सापडला नसता. जांभळाखाली पाचोळ्याचा जाड थर होता. वनपालांनी काठी माझ्याकडे दिली आणि गुडघे दुखत असलेला माणूस चालणार नाही अशा वेगानं ते आत निघाले. पंधरा-वीस पावलं गेले असतील, आणि त्यांचा डावा पाय पाचोळ्यातून पोटरीपर्यंत खाली गेला.

पाटील पुढं धावले. 'हात द्या, फारेस्टर.'

'थांबा,' ते म्हणाले. 'जल्दी न्हाई.'

ते तसेच उभे राहिले. एक पाय चिखलात, एक बाहेर. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. मी आणि पाटील दोघंही दुसरीकडे पाहू लागलो. असा माणूस आमच्या कचेरीत नोकरीला होता, त्याच्या डायऱ्या माझ्या टेबलावरून गेल्या, याचा त्या क्षणी मला जेवढा अभिमान वाटला तेवढा स्वतःच्या कशाचाही वाटलेला नाही. मग आम्ही दोघांनी त्यांना ओढून बाहेर काढलं. पाय आला, बूट आला नाही. मी वाकून हात घालणार तोच ते म्हणाले, 'राहू द्या बाबूजी. बराबर जागी गेला.'

परतीच्या वाटेत ते खिडकीतून बाहेर पाहत बसले. मस्तगडात जीप गल्लीत शिरेना, म्हणून आम्ही बाजाराच्या तोंडाशीच उतरलो. एका पायात बूट, दुसरा पाय पोटरीपर्यंत काळ्या चिखलानं भरलेला, असे ते भर बाजारातून ताठ चालत निघाले. किराणा दुकानदारानं हटकलं, 'काय हो काका, कुठं पडले का?'

ते थांबले. चिखलाचा पाय त्याला नीट दिसेल असा पुढं केला.

'पडलो न्हाई,' ते म्हणाले. 'रुतलो. वैशाखात रुतलो.'

दुकानदाराला काही उमगलं नाही. त्यानं पाय धुवायला पाण्यानं भरलेला तांब्या आणून दिला. नळ पंधरा दिवसांनी येणाऱ्या गावात ही मोठीच गोष्ट होती. त्यांनी तांब्या दोन्ही हातांनी घेतला, सगळं पाणी पिऊन टाकलं, आणि पाय तसाच घेऊन ते गल्लीत वळले.